‘ग्रिस’: रंगाचा पहिला हात

खेळ सुरू झाला आणि मी उडीचं बटण दाबलं. पडद्यावरची मुलगी उडी मारायच्या ऐवजी गुडघ्यांवर बसली. पुन्हा दाबलं, पुन्हा बसली. मी ओंकारला म्हटलं, "अरे, बटण बिघडलंय बघ ह्याचं." तो म्हणाला, "नाही काका. तिला उडी येत नाही अजून. नुसतं चालवा की." मग नुसतं चालवलं. मान खाली, केस वाऱ्यावर, मागं कोऱ्या कागदासारखा पांढरा-करडा पसारा, आणि ती एक एक पाऊल टाकत चाललेली. मिनिटभर तेवढंच. त्या एका मिनिटात हा खेळ मला पटला.

‘ग्रिस’ हे खेळाचं नाव आणि त्या मुलीचंही. स्पॅनिशमध्ये ग्रिस म्हणजे करडा रंग. बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओनं तो बनवला आणि डेव्हॉल्व्हर डिजिटलनं १३ डिसेंबर २०१८ रोजी बाजारात आणला. खेळांच्या दुनियेत ही आता जुनी गोष्ट झाली, पण माझ्यापर्यंत तो गेल्या दिवाळीत पोचला. मी सांगलीत पाट्या रंगवतो. मारुती चौकाजवळच्या एका बोळात आमचं दुकान आहे. आता निम्म्याहून जास्त काम फ्लेक्सचं, कोरलड्रॉवर अक्षरं मांडायची आणि प्रिंटिंगला पाठवायची. पण हातानं काढलेली रेघ आणि मशीननं ओढलेली रेघ मला लांबून ओळखता येते, आणि हा खेळ हातानं काढलेला आहे. म्हणून त्याबद्दल लिहायला बसलोय.

ओंकार माझा पुतण्या. थोरल्या भावाचा मुलगा, इंजिनिअरिंगला आहे. दादा मे २०२१ मध्ये गेला, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. तेव्हा ओंकार अकरावीत होता. त्यानंतर पोरगं बोलायचं कमीच झालं. जेवायला ये म्हटलं की यायचं, अभ्यास कर म्हटलं की करायचं, पण स्वतःहून एक शब्द नाही. वहिनींनी डॉक्टर केले, देवाधर्माचंही झालं. कुणी म्हणायचं रडू दे त्याला, कुणी म्हणायचं कामाला लाव. दिवाळीच्या सेलमध्ये त्यानं हा खेळ विकत घेतला, दोन दिवस एकटाच खेळला, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप काखेत मारून दुकानात आला. "काका, ह्यातली चित्रं बघा एकदा," म्हणाला. चार वर्षांत त्यानं स्वतःहून मला काही दाखवलं असेल, तर ते हे.

तर चित्रांपासूनच सुरुवात करतो.

या खेळाची कलेची बाजू सांभाळली कॉनराड रोसेट या चित्रकारानं. तो मूळचा खेळवाला नव्हे, कागदावर काम करणारा माणूस. जलरंगात आणि शाईत बायकांच्या आकृत्या काढण्याबद्दल त्याचं नाव झालेलं. त्यानं रॉजर मेंडोझा आणि आद्रियान क्वेव्हास या खेळ बनवणाऱ्या दोघांबरोबर हा स्टुडिओ काढला. हे मला ओंकारनं नंतर सांगितलं, पण पाहतानाच कळलं होतं की हा हात कागदावर बसलेला आहे. मुलीचं अंग बघा. पाय काड्यांसारखे बारीक, गुडघा नुसता वळणानं सुचवलेला, तोंडावर दोनचार रेघा. तपशील जवळजवळ नाहीच. सगळा भार घेरदार झग्यावर आणि केसांवर टाकलाय. ती धावते तेव्हा झगा मागं राहतो, थांबते तेव्हा पुढं येतो आणि मग खाली बसतो. आमच्याकडं अक्षराला जसा तोल असतो, म्हणजे वेलांटी डाव्या अंगाला किती झुकवायची आणि काना किती सरळ ठेवायचा, तसा तोल तिच्या प्रत्येक पावलात आहे. रेघ एकसारखी जाड नाही. जिथं वजन पडतं तिथं दाबली गेलीय, जिथं सुटते तिथं पातळ झालीय. नवख्या पोराला हे शिकवायला आम्हाला दोन-दोन वर्षं लागतात.

आणि मागचा देखावा सगळा जलरंगात. जलरंगाचा एक गुण असा की तो वाळताना मधला रंग कडेला ढकलतो आणि कडेवर गडद रेघ सोडतो. मुद्दाम काढून ती रेघ येत नाही, पाण्याची मर्जी असते. या खेळातल्या ढगांना, डोंगरांना, जमिनीच्या भेगांना ती कडेची रेघ आहे. रंग जिथं एकमेकांत शिरलेत तिथं फुटलेल्या पाकळ्यांसारखे डाग आहेत. दिसायला गुळगुळीत करण्यासाठी कुणी ते पुसलेले नाहीत.

गोष्ट सांगायची तर थोडीच आहे. एका प्रचंड दगडी बाईच्या तळहातावर ही मुलगी निजलेली असते. जागी होते, गायला लागते, गाता गाता आवाज जातो. दगडी बाईला तडे जातात, हात ढासळतो आणि मुलगी खाली कोसळते, रंग नसलेल्या जगात. तिथून तिनं चालायचं. पुढच्या वाटेवर एक एक रंग परत येतो आणि रंगाबरोबर तिच्या झग्याला एक एक ताकद मिळते. खेळात संवाद नाही, निवेदन नाही, वाचायला मजकूर नाही. सुरुवातीची निवड आणि कुठलं बटण दाबायचं याच्या खुणा सोडल्या तर अक्षरच नाही. त्यामुळं भाषेची अडचण येत नाही. वहिनींची शाळा सातवीपर्यंत झालेली, इंग्रजीचा गंध नाही, पण त्यांनी माझ्या शेजारी बसून सगळी गोष्ट समजून घेतली आणि दोन ठिकाणी माझ्याआधी घेतली.

पहिला रंग येतो तो लाल, आणि इथं मला थांबून बोलायचंय.

पत्र्याची पाटी करायची तर आम्ही पत्रा आधी पॉलिश पेपरनं घासतो. मग पहिला हात मारतो रेड ऑक्साइडचा. पाटी शेवटी पांढरी होणार असो, निळी होणार असो, पहिला हात तांबडाच. तो नाही मारला तर गंज आतून खातो आणि दोन पावसाळ्यांत वरचा भारी रंगसुद्धा पापुद्र्यांनी निघतो. गिऱ्हाइकाला तो तांबडा कधीच दिसत नाही, पण पाटी उभी असते ती त्याच्या जिवावर. ‘ग्रिस’मध्ये करड्या पडद्यावर लाल पसरला, पाण्यात शाईचा थेंब टाकावा तसा मधून फुटून कडेला गेला, तेव्हा मी खुर्चीत पुढं सरकलो. करड्यावर तांबडा, पत्र्यावर रेड ऑक्साइड. त्या बार्सिलोनाच्या माणसांच्या डोक्यात हे नसणार. त्यांच्या डोक्यात लाल म्हणजे राग होता. शोकाच्या पाच पायऱ्या सांगतात ना, नाकारणं, राग, देवाशी घासाघीस, खचून जाणं आणि मान्य करणं, त्या एलिझाबेथ क्युबलर-रॉस या डॉक्टरीणबाईंनी १९६९ मध्ये मांडल्या, आणि हा खेळ त्याच पायऱ्यांवर उभा केलाय. पण मी पाटीवाला आहे, मला पहिला हात दिसला. पुढं हिरवा आला, निळा आला, पिवळा आला, तरी आधीचा रंग खेळानं पुसला नाही. हिरव्याच्या खालून लाल दिसत राहतो, आणि सगळ्यांच्या खाली करडा आहेच. हे त्यांनी समजून केलंय आणि मला ते फार मोठं वाटतं. दादा गेल्यावर आम्हाला भेटायला आलेला प्रत्येक जण ‘आता ते विसरा आणि पुढं बघा’ म्हणून गेला. पहिला हात विसरून दुसरा मारता येत नाही. तो खालीच असतो.

लाल भागात वारा आहे. वाळवंट, पवनचक्क्या, आणि मधूनच असा सोसाटा सुटतो की मुलगी मागं फेकली जाते. खांबाच्या आडोशाला थांबायचं, वारा पडला की चार पावलं पुढं. पुढं तिच्या झग्याला चौकोनी दगड व्हायची ताकद मिळते. बटण दाबून धरलं की झग्याचा जड ठोकळा होतो आणि वारा तिला हलवू शकत नाही. त्याच ठोकळ्यानं खालची कच्ची जमीन फोडून खालच्या मजल्यावर उतरताही येतं. वाऱ्यात जड होऊन उभं राहायचं, तो जाऊ द्यायचा आणि मग चालायचं, हे बोटांना कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या. ओंकार शेजारी बसून सांगत होता, "आत्ता नको काका, येऊ दे वारा. थांबा. थांबा. हां, आता." चार वर्षांनी हा पोरगा मला कुठं थांबायचं ते सांगत होता, आणि मी ऐकत होतो.

या खेळात मरण नाही हे इथंच सांगतो, कारण नवीन माणसाला त्याचं दडपण असतं. आमच्या लहानपणी गणपती पेठेजवळ व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं, तिथं रुपयाला तीन जीव मिळायचे आणि दोन मिनिटांत संपायचे. ‘ग्रिस’मध्ये जीवच मोजत नाहीत. उडी चुकली तर खाली पडाल, आणि तिथून वर यायला वाट असते. "ह्यात मरायचंच नसतंय," असं ओंकार म्हणाला. मोठमोठे खेळ खेळणारे त्याचे मित्र यालाच नावं ठेवतात, हरायची भीती नाही तर खेळ कसला म्हणून. मला ते पटत नाही. ज्याचं हरून झालंय त्याची गोष्ट सांगताना त्याला पुन्हा पुन्हा कशाला हरवायचं?

हिरवा भाग सगळ्यात लाघवी आहे. जंगल आहे, पण झाडं चौकोनांची रचलेली, कुणी कागद कापून चिकटवल्यासारखी. तिथं एक चौकोनी अंगाचं भित्रं पिल्लू भेटतं. जवळ गेलं की दबकून बसतं. त्याच्यासाठी सफरचंदं पाडायची, ते खातं, हळूहळू धीट होतं आणि मग आपल्या मागं मागं येतं. वहिनींना हेच सगळ्यात आवडलं. "भाऊजी, त्याला आणखी एक द्या की," असं त्या दोनदा म्हणाल्या आणि मी दिलं. इथंच मुलीला हवेत दुसरी उडी घ्यायला येते, झगा पसरून तरंगायला येतं, लाल पाखरांचा थवा तिला वर उचलतो.

आणि इथंच तो काळा पक्षी येतो. आधी काळी फुलपाखरं, मग ती एकत्र होऊन त्यांचा भला थोरला पक्षी होतो आणि तो किंकाळतो. आवाज असा की मी हेडफोन काढला. त्याच्या किंकाळीचा झोत तुम्हाला मागं फेकतो. पण थोडं पुढं गेल्यावर कळतं, तोच झोत पाठीवर घेतला तर एरवी हाताला न लागणाऱ्या उंचीवर पोचता येतं. वर चढायला त्या काळ्या पक्ष्याचीच गरज पडते. हे सांगायला एक शब्द वापरलेला नाही. तुम्ही दोनदा फेकले जाता, तिसऱ्यांदा पाठ फिरवता आणि वर जाता. गोष्ट हातातून सांगायची ती अशी.

मग निळा. निळा येतो तो पावसाबरोबर.

हा भाग आम्ही खेळलो ती रविवारची रात्र होती. पडद्यावर पाऊस सुरू झाला, करडं आभाळ निळं झालं, पाणी साचायला लागलं. वहिनी उठून आत गेल्या. कुणी काही बोललं नाही. सांगलीच्या माणसाला पाणी चढताना दाखवू नये. आम्ही पाणी फुटांत मोजतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट झालं की इशारा, ४५ झालं की धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या दुकानात छताला हात लावून दोन दिवस उभं होतं. ऑइलपेंटचे डबे तरंगत बोळाच्या तोंडाशी गेले होते. ते गेलं त्याचं काही नाही, पण माळ्यावर पोहोचलेल्या पाण्यात दादाची चित्रांची वही सापडली. तरुणपणी कृष्णेच्या घाटावर बसून केलेली जलरंगातली कामं, हरिपूरच्या रस्त्यावरच्या चिंचा, संगमावरचं देऊळ. पाणी ओसरल्यावर दादानं एक एक पान सोडवून दोरीवर वाळत घातलं, कपड्यांचे चिमटे लावून. रंग एकमेकांत गेले होते. चिंचेचा हिरवा नदीच्या निळ्यात उतरला होता आणि प्रत्येक पानावर पाणी जिथवर चढलं तिथं एक गडद कड उमटली होती. भिंतीवर पुराची जशी रेघ राहते, तशीच, फक्त टीचभर उंचीवर. दादा म्हणाला, "पाण्यानं माझ्यापेक्षा बरं काम केलंय बघ." आणि त्यानं ती पानं टाकली नाहीत.

खेळातला निळा भाग मला त्यामुळं तटस्थपणे बघता आला नाही, आणि तसा बघितला असं मी म्हणणारही नाही. मुलीला पोहायला यायला लागतं, झगा माशाच्या परासारखा होतो आणि ती खोल खोल जाते. पडदा अंधारत जातो. हीच ती खचण्याची पायरी. खाली तो काळा जीव पुन्हा येतो, या खेपेला लांबच लांब वाम माशाच्या रूपात, आणि पाठलाग करतो. पळायचं एवढंच हातात असतं. मग मोठं कासव भेटतं. कासव आलं तेव्हा मी वहिनींना हाक मारली, "या, आता बघण्यासारखं आहे." त्या आल्या आणि शेवटपर्यंत बसल्या.

पिवळ्या भागाबद्दल फार लिहीत नाही. उजेड येतो, वास्तू उलट्यासुलट्या होतात, छताची जमीन होते. इथं मी दोनदा हरवलो आणि ओंकारला विचारावं लागलं. पण याच टप्प्यावर मुलीचा आवाज परत येतो. बटण दाबलं की ती गाते, आणि गाण्यानं कळ्या उमलतात, निपचित पडलेलं हालायला लागतं. ज्या आवाजानं गोष्ट सुरू होऊन तुटली होती तो आता तुमच्या अंगठ्याखाली असतो. ओंकारनं हे बटण गरज नसतानाही दाबलं. मोकळ्या जागेत, काही उमलण्यासारखं नसताना, नुसतं ती गाते म्हणून.

संगीत बर्लिनिस्ट नावाच्या बार्सिलोनाच्याच मंडळींचं आहे. पियानो, तंतुवाद्यं आणि शब्द नसलेले आवाज. आमच्या शेजारी मिरजेला सतार-तंबोरे बनतात, त्यामुळं तारेचा नाद कानाला ओळखीचा असतो. या संगीतात बऱ्याचदा एकच सूर लांब धरून ठेवलाय आणि चित्राला त्यावर चालू दिलंय. कॅमेरा मागं मागं जातो, मुलगी मुंगीएवढी होते, भोवती मोठमोठे खांब आणि कमानी, आणि तो सूर चालूच असतो. उन्हाळ्यात नदी खाली गेली की आयर्विन पुलाच्या पायाशी उभं राहून वर बघा, तसं वाटतं. लॅपटॉपच्या स्पीकरवर हे वाया जातं. हेडफोन नाहीतर बाहेरचे स्पीकर लावाच.

आता जे खटकलं ते.

खेळ लहान आहे. सरावाचा माणूस तीन-चार तासांत संपवेल. मला आठवडा लागला तो रोज तासभर बसल्यामुळं. पूर्ण किमतीला घ्यायचं जिवावर आलं तर सेलची वाट बघा, तो वरचेवर लागतो. दुसरं, कोडी सोपी आहेत, आणि निळ्यातला पाठलाग तर जवळजवळ ठरवून दिलेला आहे. तुम्ही चुकलात तरी फार काही बिघडत नाही आणि ते एकदा लक्षात आलं की भीती ओसरते. तिसरं, वाट कुठली आणि देखावा कुठला हे मधूनच कळत नाही, कारण दोन्ही एकाच ब्रशनं रंगवलेत. मी दोनदा मागच्या चित्रातल्या पायरीवर उडी टाकली. चित्र म्हणून ते बरोबर आहे, खेळ म्हणून तिथं रेघ थोडी दाबायला हवी होती.

मोबाइलवरही मिळतो, पण तिथं घेऊ नका असं मी सांगेन. माझ्या फोनवर ओंकारनं टाकून दाखवला. कॅमेरा मागं गेला की मुलगी ठिपक्याएवढी होते, आणि बोटानं उडी मारताना आपलाच अंगठा चित्र झाकतो. एवढं निगुतीनं रंगवलेलं चित्र अंगठ्याखाली झाकायचं म्हणजे पाटीवर पोस्टर चिकटवण्यासारखं आहे. लॅपटॉप किंवा टीव्ही, आणि वायरचं का होईना, कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरायचं बटणांचं यंत्र. कीबोर्डवर जमतं पण हात अवघडतो.

आणखी एक, आमच्याच घरात घडलेलं. ओंकारनं आधी एका ओळखीच्या दुकानातून पेनड्राइव्हवर फुकटची कॉपी आणली होती. ती लाल भाग संपता संपता बंद पडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. तीनदा त्यानं तोच वारा अंगावर घेतला. त्यानंतर विकत घेतला. ज्या माणसांनी एक एक चित्र हातानं काढलंय त्यांचे पैसे त्यांना पोचले पाहिजेत, हे हातानं काम करणाऱ्या घरात तरी सांगायची गरज पडू नये. मी त्याला त्यावरून बोललो आणि त्यानं ऐकून घेतलं.

२०१९ मध्ये गेम अवॉर्ड्सच्या सोहळ्यात ‘ग्रिस’ला समाजावर परिणाम करणाऱ्या खेळाचं बक्षीस मिळालं. याच स्टुडिओचा ‘नेवा’ हा दुसरा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये आलाय. एक बाई आणि तिच्याबरोबर वाढणारं लांडग्याचं पिल्लू. त्यात तलवार आहे, लढाई आहे. ओंकारनं सुरू केलाय. मी नुसतं थोडं पाहिलं, हात तोच आहे हे दिसतं. बाकी खेळल्यावर बोलेन.

शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की गोळा केलेले उजेडाचे ठिपके तारकांसारखे जोडले जातात, त्यांचा पूल होतो आणि मुलगी त्यावरून चढते. तिथं माझ्या हातातलं कंट्रोलर ओंकारनं घेतलं नाही, मीही त्याला दिलं नाही. वहिनी म्हणाल्या, "सावकाश जा भाऊजी."

यानंतरही थोडं उरतं. वाटेत लपवलेल्या आठवणीच्या खुणा सगळ्या शोधल्या की एक बंद दार उघडतं आणि त्यामागं एक छोटा प्रसंग आहे. ती दगडी बाई त्या मुलीची कोण, हे तिथं कळतं. पहिल्या खेपेला बऱ्याच सुटतात, पण हवा तो भाग पुन्हा उघडून शोधता येतात. ओंकारनं त्या सगळ्या शोधल्या आणि तो प्रसंग रात्री एकट्यानं पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडत होतो तेव्हा तो आला, सायकल भिंतीला लावली आणि आत येऊन कोपऱ्यातल्या पाटीसमोर उभा राहिला.

ती दादाची शेवटची पाटी. एका दूध डेअरीची, तीन बाय सहा. रेड ऑक्साइड मारलेला, वर पांढऱ्याचे दोन हात, आणि खडूनं अक्षरं आखलेली. शिरोरेषा एका दमात ओढलेली, ‘दू’चा उकार तेवढा पुसून पुन्हा काढलेला. भरायचं राहून गेलं. गिऱ्हाइकानं नंतर फ्लेक्स करून नेला. चार वर्षं मी त्या पाटीवर फडकं टाकून ठेवलं होतं, खडू उडू नये म्हणून. ओंकारनं फडकं बाजूला केलं होतं.

"काका, ह्यात कुठला लाल भरणार होते पप्पा?"

"सिग्नल रेड," मी म्हटलं. "डबा वरच्या फळीवर आहे. पण तो आता दगड झाला असणार. नवीन आणायला लागेल."

"पाव लिटर पुरंल?"

"पाव पुरंल. आणि येताना टर्पेंटाइनची बाटली घेऊन ये."